निम्मं आटवलेलं पाणी

करंजपाड्याला पाणी उकळून प्यायला लावणं म्हणजे बकऱ्यांना रांगेत उभं करणं, असं शुक्रीला पहिल्या वर्षी सगळ्यांनी ऐकवलं होतं. शुक्री पाड्याची आशा कार्यकर्ती. गरोदर बायांची नावं लिहायची, पोरांना डोस द्यायला न्यायचं, गोळ्या वाटायच्या आणि वरून येणारी प्रत्येक सूचना पाड्याच्या गळी उतरवायची, हे तिचं काम. बाकी सगळं लोकांनी कुरकुरत का होईना ऐकलं, पण उकळलेलं पाणी म्हटलं की तोंडं वाकडी व्हायची. त्या पाण्याला चव नसते, ते मेलेलं असतं, त्याने तहान भागत नाही, आणि लाकडं काय तुझा बाप आणून टाकणार, अशी उत्तरं मिळायची. शुक्रीही काही कमी हट्टी नव्हती. तिने बारा वर्षं हा एकच घोषा लावला. मधे एका पावसाळ्यात जुलाबांनी पाड्यातली चार माणसं गेली आणि ज्या घरांत पाणी उकळत होतं ती घरं तेवढी सुटली, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले. त्यानंतर चुलीवर पाण्याचा टोप नाही असं घर पाड्यात उरलं नाही. शुक्रीला याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो असायला काहीच हरकत नव्हती. आयुष्यात एक काम धड केलं असं छातीवर हात ठेवून सांगता येणारी माणसं असतात किती?

तेव्हाचं पाणी झऱ्याचं होतं. पाड्यामागे डोंगर आहे, म्हणजे होता. आता अर्धा आहे. पावसाळ्यात डोंगर पोटभर पाणी पिऊन घ्यायचा आणि उन्हाळाभर पायथ्याच्या झऱ्यातून ते थोडं थोडं सोडायचा. मग रस्ते रुंद व्हायला लागले, नवे रूळ यायला लागले, त्यांच्या भरावाला मुरूम लागला आणि मुरूम नेमका डोंगरात होता. चार वर्षं डंपर चालले. पाड्यातल्या माणसांनी त्यावर मजुरीही केली. कोणी त्यांना बांधून नेलं नव्हतं. डोंगराचा एक अख्खा कुशीकडचा भाग गेला, त्याच्यावरची झाडं गेली, आणि पाणी धरून ठेवायची त्याची ताकदही त्याच डंपरांत बसून गेली. झरा आधी मार्चमध्ये आटायला लागला, मग जानेवारीत, आणि शेवटी दिवाळीच्या आतच. आता तिथे नुसते दगड आहेत.

झरा गेल्यावर पाडा खाली नविनभाईच्या विहिरीवर जायला लागला. नविनभाई बोर्डीकडचा, घरची चिकूची वाडी असलेला. त्याने पाड्याखालची सपाट जमीन कसायला घेऊन तिथे ढोबळी मिरची लावली होती. गोष्टीत एखादा वाईट माणूस असला की बरं पडतं, सगळा राग त्याच्यावर काढून मोकळं होता येतं. इथे ती सोय नाही. नविनभाईने विहिरीला कधी कुलूप लावलं नाही, बायकांना हंडे घेऊन परत पाठवलं नाही, उलट पंपाच्या पाइपाला पाड्यासाठी एक वेगळा नळ काढून दिला. पाड्यातली निम्मी माणसं त्याच्याकडेच कामाला होती. हिराबाईचा मुलगा बाबल्या त्यांतलाच एक. खताच्या गोणी फोडायच्या, खत टाकीत कालवायचं आणि ठिबकच्या नळ्यांमधून मिरचीच्या बुडाशी सोडायचं, हे त्याचं रोजचं काम.

पाड्याच्या स्वतःच्या भातशेतीतही आता वेगळं काही चालत नव्हतं. पूर्वी उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण, पाला, फांद्या अंथरून राब भाजायचे. जनावरांनी डोंगरावरचं गवत खायचं, त्यांचं शेण राबात जायचं, राबातून भात यायचा आणि भाताचा पेंढा पुन्हा जनावरांच्या पुढ्यात पडायचा. डोंगर गेला तसा चारा गेला, चाऱ्यामागे जनावरं विकली गेली, आणि त्यांच्या जागी पांढऱ्या दाण्यांची गोणी आली. गोणीचं एक बरं असतं, तिला चरायला न्यावं लागत नाही. पिकाला जेवढं हवं तेवढं पीक घेतं. उरलेलं कुठे जातं हे कोणी विचारलं नाही. जमिनीत गेलं म्हणजे संपलं, अशी सगळ्यांची समजूत होती. शुक्रीचीसुद्धा.

बाबल्याची बायको रूपी फेब्रुवारीत बाळंत झाली आणि आठव्या दिवशी झटके येऊन गेली. ॲम्ब्युलन्समध्ये तिचं डोकं शुक्रीच्या मांडीवर होतं. मागे राहिली मुलगी. बाबल्याने मोबाइलवर शोधून तिचं नाव हर्षदा ठेवलं, पण ते नाव हिराबाईच्या जिभेवर वळेना, म्हणून आजीने तिची हरसू केली. रूपीला मी वाचवू शकले नाही, पण ही पोर काही झालं तरी हातची जाऊ द्यायची नाही, असं शुक्रीने मनाशी पक्कं केलं. बोलून तिने ते कुणाला दाखवलं नाही. पण रोज सकाळी घरातून निघाली की तिचे पाय आधी हिराबाईच्या दाराकडे वळायचे.

पहिला दीड महिना शेजारच्या शितलने स्वतःच्या मुलाबरोबर हरसूलाही अंगावर पाजलं. मग शितल नवऱ्याबरोबर वापीकडे बांधकामावर गेली आणि घरात पावडरच्या दुधाचा डबा आला. शुक्रीने हिराबाईला सगळं शिकवलं. हात कसे धुवायचे, बाटली कशी उकळायची, किती पाण्यात किती मापं घालायची. आणि पाणी, अर्थातच, उकळून.

हिराबाई शिकली, आणि शिकून एक पाऊल पुढे गेली. तिचा बाप झाडपाल्याचं औषध द्यायचा. काढा चुलीवर चढवायचा, निम्मा आटवायचा आणि मगच उतरवायचा. निम्मा उरला की औषधाला जोर येतो, हे ती परकरात असल्यापासून बघत आली होती. नातीच्या पाण्याचंही तिने तेच केलं. सकाळी टोपभर पाणी चुलीवर ठेवायची, पळीचा दांडा आत उभा करून खोली बघायची आणि पाणी निम्म्यावर येईपर्यंत चुलीपासून हलायची नाही. टोपाच्या तळाशी पांढरा थर धरायचा. तो नखाने खरवडून ती शुक्रीला दाखवायची.

"बघ बाय, किती घान निघते. हे सगळं पोरीच्या पोटात गेलं असतं."

शुक्रीला भरून यायचं. बारा वर्षं घसा कोरडा केल्यावर कोणीतरी आपल्यापेक्षा दोन पावलं पुढे चाललंय, हे बघायचं भाग्य किती जणांना मिळतं? लसीकरणाच्या दिवशी तिने अंगणवाडीत सगळ्या बायांसमोर हिराबाईला उभं केलं, टोप दाखवायला लावला आणि सांगितलं की पाणी उकळावं तर असं. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यात पाचव्या महिन्याची गरोदर कविताही होती. हिराबाईच्या समोरच तिचं घर. तिने घरी जाऊन त्याच दिवसापासून निम्मं आटवायला सुरुवात केली. हिराबाई पदर तोंडाला लावून लाजली. रूपी गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात शुक्री सकाळी गेली तेव्हा हरसू आजीच्या मांडीवर गप्प पडून होती. तिचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसत होते. हिराबाईला वाटलं होतं की नव्या गोधडीचा रंग लागला असेल. तिने ओल्या फडक्याने दोनदा पुसूनही बघितलं होतं. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. शुक्रीने पोरीची नखं बघितली. तीही तशीच. पोरीला कुशीत घेऊन ती रस्त्याकडे जवळजवळ धावत सुटली, मागून हिराबाई अनवाणी. कासा गावाला जाणारी जीप माणसं भरायची वाट बघत उभी होती. जीपवाल्याने पोरीचा रंग बघितला आणि तशीच गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयाने लहान. त्यांनी आधी ऑक्सिजन लावला. ओठांचा रंग बदलेना. मग रक्त काढलं, तर सुईत आलेलं रक्त लाल नव्हतं, गुळाच्या चहासारखं तपकिरी होतं. त्याकडे बघत त्यांनी लागोपाठ प्रश्न विचारले. पोर काय पिते? पाणी कुठलं? विहिरीच्या आजूबाजूला शेती आहे का? उत्तरं हिराबाईनेच दिली. पाणी मी रोज निम्मं आटवते, तसं कधीच देत नाही, हेही तिने न विचारता सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि त्या इंजेक्शनच्या तयारीला लागल्या. ते औषध शाईसारखं गडद निळं होतं. पोर आधीच निळी, तिच्यात आणखी निळं काय घालता, असं हिराबाईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण तासाभरात हरसूचे ओठ गुलाबी झाले आणि ती अशी काही भोकाड पसरून रडली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. दुपारी लंगोट हिरवानिळा भिजला तेव्हा हिराबाई पुन्हा हबकली. औषधच बाहेर पडतंय आजी, असं सांगताना डॉक्टरीणबाईही हसल्या.

नंतर त्यांनी शुक्रीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. मिरचीला घातलेलं खत सगळं मिरची घेत नाही, त्यांनी सांगितलं. उरलेलं पाण्याबरोबर खाली झिरपतं आणि विहिरीत उतरतं. मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या मुलाच्या पोटात ते गेलं की रक्ताला श्वास वाहून नेता येत नाही, आणि मूल आतल्या आत गुदमरतं.

शुक्री म्हणाली, "पण मॅडम, ती पाणी उकळते. निम्मं आटवते."

"तेच तर झालंय ना. उकळून जंतू मरतात, खत मरत नाही. मिठाचं पाणी आटवलं की काय होतं, सांगा बरं."

सांगायची गरजच नव्हती. वरणात मीठ जास्त पडलं आणि ते चुलीवर राहून गेलं तर आणखी खारट होतं, हे कुठल्या बाईला शिकवावं लागतं? निम्मं पाणी म्हणजे दुप्पट विष. तेही रोज, माया करून, आणि अंगणवाडीत तिने टाळ्या वाजवायला लावल्यावर तर जास्तच मन लावून. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की बाळाला त्या विहिरीचं पाणी अजिबात द्यायचं नाही, आटवून तर मुळीच नाही, आजीला हे नीट समजावून सांगा. शुक्रीने मान हलवली.

परतीच्या जीपमध्ये तिने समजावलं. म्हणजे अर्धं समजावलं. विहिरीचं पाणी खराब झालंय काकी, आता हरसूला फक्त कॅनचं विकतचं पाणी द्यायचं, एवढंच ती बोलली. उकळण्याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. हिराबाईने पोरीला छातीशी धरून ठेवलं होतं आणि तिच्या टाळूवर राहून राहून ओठ टेकवत होती. हिला आता काय सांगायचं, की तुझ्याच हाताने झालं? आणि उद्या पाड्याला कळलं की उकळलेल्या पाण्याने पोर निळी पडली, की सगळे टोप चुलीवरून खाली उतरणार. मग पावसाळ्यात जुलाब लागले की पुन्हा माणसं मरणार. ही दोन्ही कारणं खरी होती आणि शुक्रीने ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितली. तिसरं कारण तिने स्वतःलाही सांगितलं नाही. बारा वर्षांत तिचं म्हणून एकच काम पाड्यात उभं राहिलं होतं, आणि तिला ते पाडायचं नव्हतं.

पोर वाचवायची धडपड मात्र तिने मनापासून केली. डॉक्टरीणबाईंनी पाच ठिकाणचं पाणी पाच बाटल्यांत भरून आणायला सांगितलं होतं. नविनभाईची विहीर, शाळेजवळचा हातपंप, पलीकडच्या पाड्याची बोअर, ओढ्यातला डोह आणि उन्हाळ्यात येणारा टँकर. आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. पाचांतलं एकही पाणी लहान मुलाला पाजण्याच्या लायकीचं नव्हतं. टँकरचं ऐकून शुक्रीला धक्का बसला, म्हणून ती एक दिवस टँकरवाल्याबरोबर जाऊन बसली. तो दोन मैलांवर दुसऱ्या एका वाडीच्या विहिरीवर टाकी भरत होता. तिथेही खताच्या रिकाम्या गोण्या कुंपणाला अडकवलेल्या होत्या.

कागद घेऊन ती नविनभाईकडे गेली. त्याने तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. हेच पाणी तो स्वतःही पीत होता. खत बंद कर म्हणशील तर करतो, तो म्हणाला, पण मग मिरची उभी राहणार नाही. या जमिनीला आता खताशिवाय उगवायची सवयच राहिली नाही, आणि मिरची गेली की बाबल्यासकट सगळ्यांची मजुरी गेली.

शेवटी तो हळूच, आपल्या गुजराती वळणाने म्हणाला, "अने ताई, आज बंद केलं तरी जे खाली उतरलं ते मी वर कसं आणू? माझ्याकडे तसला पंप नाय."

शुक्रीला त्याच्यावर राग काढायचा होता, पण तो निघेना. डॉक्टरीणबाईही हेच म्हणाल्या होत्या. घालणं थांबवलं तरी विहीर निवळायला वर्षं लागतील, कदाचित हरसू लग्नाची होईल तोपर्यंत. आणि पावसाचं पाणी मुरून विहिरीतलं खत पातळ करणारा जो डोंगर होता, तो केव्हाच कुठल्यातरी रस्त्याखाली दाबला गेला होता.

उरलं कॅनचं पाणी. बाबल्या चारोटीहून जीपच्या टपावर वीस लिटरचा कॅन आणायला लागला. तीन आठवडे हरसूने ते पाणी प्यायलं आणि ती बाळसं धरू लागली. शुक्री आली की तिच्याकडे बघून पाय झाडायची. शुक्री हिराबाईला रोज तेच बजावायची, कॅनचंच पाणी, दुसरं नाही. हिराबाई रोज हो म्हणायची. मात्र एकदा तिने विचारलं होतं की कॅनचं पाणी कच्चंच द्यायचं का. शुक्रीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जरा उकळून घे." तिथेही तिला खरं बोलायची संधी होती. ती तिने घालवली.

मेच्या अखेरीस शुक्रीला तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी डहाणूला जावं लागलं. जाताना तिने हिराबाईच्या घरात दोन भरलेले कॅन डोळ्यांनी बघितले. एवढं पाणी एकट्या हरसूला महिनाभर पुरलं असतं. पण त्याच तीन दिवसांत पाड्यात लग्न होतं, आणि हिराबाईच्या घरात औषधाचं पाणी आहे ही गोष्ट एव्हाना चहूकडे पसरली होती. त्या पाण्याने निळी पडलेली पोर गुलाबी झाली, असं लोक सांगायचे. इंजेक्शनाचं नाव कोणीच घेत नव्हतं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याला धाप लागायची, त्याला एक पेला हवा होता. कोणाच्या लेकराला ताप, कोणाच्या सुनेला उलट्या. कविता गरोदर, तिच्यासाठी तिची सासू तांब्या घेऊन आली. दारात आलेल्याला पाण्याला नाही म्हणायचं नसतं. ही रीत हिराबाईच्या रक्तातच होती. झऱ्याच्या काळात ती पाळणं सोपं होतं, पण कॅन आल्यावरही तिला ती मोडता आली नाही. दोन कॅन लग्नाच्या दुसऱ्या रात्रीपर्यंत रिकामे झाले. बाबल्या हळदीपासून मांडवातच होता. पहाटे तो आला आणि तसाच कामावर गेला. त्याला वाटलं, दोन कॅन आहेत म्हणजे काळजी नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी डहाणूत जेवणाच्या सुट्टीत शुक्रीचा फोन वाजला. नविनभाई होता. शेतातल्या पिकअपमध्ये हिराबाईला आणि पोरीला घालून तोच कासाला निघाला होता. चारोटी यायच्या आतच पोर गेली, तो म्हणाला. फोनमधून गाड्यांचे आवाज येत राहिले आणि शुक्री हातात जेवणाचं ताट धरून ते ऐकत राहिली.

ती पाड्यावर पोचली तोपर्यंत पोरीला माती देऊन झाली होती. बाबल्या ओट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. त्याच्या हाताच्या रेषांत खताची पांढरी भुकटी तशीच होती. अंगणात बाया बसल्या होत्या. शुक्रीला बघून हिराबाईने तिला जवळ बसायला जागा करून दिली, पाहुण्याला देतात तशी.

मग ती सांगायला लागली. आवाज अगदी शांत होता. तिला ते कधीचं शुक्रीलाच सांगायचं होतं, दुसऱ्या कोणाला नाही.

"कॅन संपला बाय. पोर भुकेने रडाय लागली. मंग मी विहिरीचंच घेतलं. पन तसंच नाय दिलं. खराब पानी हाय, तू सांगितलं व्हतंस, म्हनून निम्म्यावर नाय थांबले. चौथाई ठेवलं. सकाळधरनं चूल इझू दिली नाय. तरी गेली. कमी पडलं का माझ्याकडून उकळायला?"

शुक्रीला सगळं एकदम कळलं. नाही काकी, तुझं काही चुकलं नाही, तिचं आयुष्यच तेवढं होतं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. हिराबाईने ते मानून घेतलं असतं आणि उरलेले दिवस कसेबसे काढले असते. पण कविता समोरच बसली होती, पोटावर हात ठेवून, आणि तिच्या पलीकडे तिच्या घराच्या पडवीत चुलीवर टोप वाफाळत होता. सप्टेंबरात तिचं मूल जन्माला येणार होतं, आणि कविताला दूध येईल की नाही हे कोणी सांगावं.

शुक्री बोलली. मिठाच्या पाण्याचं उदाहरण दिलं, निम्मं म्हणजे दुप्पट हे सांगितलं, चौथाई म्हणजे काय तेही सांगितलं. अंगणवाडीत टाळ्या वाजवायला लावल्या तीही चूक माझीच, असं म्हणाली. बोलता बोलता तिला रडू फुटलं, पण ती थांबली नाही. बाबल्याने डोकं वर केलं आणि आपल्या आईकडे बघितलं.

हिराबाईला सगळं कळायला जरा वेळ लागला. मग तिने एकच गोष्ट विचारली.

"हे तुला दवाखान्यातच कळलं व्हतं?"

"हां, काकी."

हिराबाई रडली नाही, तिने शिवी दिली नाही, शुक्रीच्या अंगावर धावूनही गेली नाही. तिने शुक्रीच्या गुडघ्याला लागलेला आपला पदर सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. शुक्रीला वाटलं, हिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

कविता उठली. घाईघाईने पडवीत गेली आणि फडक्याने धरून टोप चुलीवरून खाली घेतला. तो हातात धरून ती तशीच उभी राहिली. पाणी ओतून द्यावं की ठेवावं, तिला कळेना. हंड्यातही त्याच विहिरीचं होतं, आणि नळालाही तेच येणार होतं.

"मंग आमी कोनचं पानी प्यायचं?" तिने तिथूनच विचारलं.

सगळ्या बाया शुक्रीकडे बघायला लागल्या. बारा वर्षं या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, तोंडपाठ. पाचही बाटल्यांचा तो कागद तिच्या पिशवीत होता. कविताने टोप पुन्हा चुलीवर ठेवला आणि खाली एक लाकूड सारलं.